अंधाऱ्या जिन्यात हिरवी कड : निऑन अॅक्रिलिक शीट, आठ महिन्यांनंतर

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचा जिना भर दुपारीही अंधारा असतो. वळणावरची एक पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे, आणि आई तिथेच दोनदा अडखळली. दिवा आहे, पण दिवसा तो लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून फेब्रुवारीत निऑन हिरव्या अॅक्रिलिकची ३० बाय ४५ सेंटिमीटरची, ६ मिलिमीटर जाड शीट आणली. वळणावर चौकाकडे उघडणारी छोटी खिडकी आहे. तिच्या कट्ट्यावर शीट आडवी ठेवली. बराचसा भाग बाहेर आकाशाखाली, एक कड आत, नेमकी त्या पायरीच्या वर.

ती कड पेटल्यासारखी दिसते. वायर नाही, सेल नाही. शीटमधला रंग आभाळातला निळा-जांभळा उजेड शोषतो आणि हिरवा सोडतो. हा हिरवा उजेड सगळीकडे पसरतो खरा, पण त्यातला जवळजवळ पाऊण भाग पृष्ठभागावर इतका तिरका आदळतो की बाहेर पडूच शकत नाही. पूर्ण आंतरिक परावर्तन होत होत तो कडेला येतो. उरलेल्या तीन कडांना मी चकचकीत चंदेरी टेप लावली, म्हणजे तिथला उजेडही मागे फिरतो. सौरघटांसाठी ही कल्पना १९७६ मध्येच मांडली गेली होती. आमच्या शीटचा पृष्ठभाग या कडेच्या ७५ पट आहे, पण म्हणून कड ७५ पट उजळ होत नाही. रंग उजेडाचा एक हिस्साच घेतो, आणि स्वतः सोडलेल्यातलाही थोडा वाटेत परत गिळतो. तरी अंधारात ती रेघ चटकन डोळ्यांत भरते.

मला सगळ्यात आवडलं ते आषाढातलं काम. भिंगाला थेट ऊन लागतं, ढगांतून चहूबाजूंनी झिरपणारा उजेड त्याला एकवटता येत नाही. शीटला तो चालतो. तिन्हीसांजेला आभाळ निळसर झालं की कड आणखीच उठून दिसते. रात्री मात्र उपयोग शून्य, त्यामुळे दिवा काढू नका.

सुरुवातीला मी शीट दुहेरी टेपने पूर्ण चिकटवली आणि कड मलूल झाली, कारण टेप चिकटते तिथून उजेड निसटतो. आता चार कोपऱ्यांखाली शर्टाची बटणं आहेत, मधे नुसती हवा. पावसात खाली पाणी साचलं तरी तेच होतं, तेव्हा कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार हवाच. एकदा स्पिरिटने पुसली, तर कापलेल्या कडेला केसाएवढे बारीक तडे गेले. त्यानंतर फक्त साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड. पारव्यांची घाण दर आठवड्याला काढावी लागते. बाहेरचा भाग आतल्यापेक्षा फिका पडलाय, काही वर्षांनी शीट बदलावी लागणार.

दिवाळीआधी खालच्या वळणावर दुसरी लावतोय, १० मिलिमीटरची. तिची कड थोडी मंद असेल, पण आईला बारीक रेघेपेक्षा रुंद पट्टी लांबून दिसेल.