फिट्सच्या औषधानेच फिट्स वाढल्या तर डोस वाढवायचा की औषध बदलायचं?

मुलाला फिट्सचं औषध चालू केलं आणि फिट्स उलट वाढल्या, की घरात सगळे हादरून जातात आणि डॉक्टरांकडे गेल्यावर दोन गोष्टींवर बोलणं येतं, डोस वाढवू या नाहीतर औषध बदलू या.

डोस वाढवणं तेव्हा पटतं जेव्हा फिट दिसायला पहिल्यासारखीच आहे, डोस अजून कमीच आहे, किंवा मधे ताप आला, जागरण झालं, एखादी गोळी राहिली, मुलाचं वजन वाढलं. यात औषधाचा दोष नसतो.

पण औषध सुरू केल्यावर किंवा डोस चढवल्यावर थोड्याच दिवसांत फिट्स वाढल्या, त्यातून नव्याच प्रकारची फिट दिसायला लागली, तर मला तरी आधी औषधावर संशय येतो. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन ही फोकल (मेंदूच्या एकाच भागातून सुरू होतात त्या) फिट्सवर चांगली औषधं, पण ॲबसन्स (मूल काही सेकंद टक लावून हरवतं ती) आणि मायोक्लोनिक (हातापायाला अचानक हिसका बसतो ती) फिट्स यांनी वाढू शकतात, आणि गोची अशी की टक लावून बघणं फोकलमधेही असतं, म्हणून निदान चुकतं आणि नको ते औषध चालू होतं. अशा वेळी डोस वाढवला तर त्रास अजून वाढतो. नुसत्या ॲबसन्सला इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट, 2010 च्या मोठ्या अभ्यासात ही दोन्ही लॅमोट्रिजिनपेक्षा सरस ठरली आणि लक्ष लागण्यावर इथोसक्सिमाइडचा परिणाम कमी दिसला. ड्रॅव्हे सिंड्रोममधे (तान्ह्या वयात सुरू होणारा, बहुतेक जनुकातल्या दोषामुळे होणारा फिट्सचा आजार) तर लॅमोट्रिजिननेही फिट्स वाढू शकतात, त्यामुळे तान्ह्या वयात तापात लांबलेल्या फिट्स येत असतील तर जेनेटिक टेस्टबद्दल नक्की विचारा.

व्हॅल्प्रोएट बऱ्याच प्रकारांवर चालतं, पण 2 वर्षांखालच्या मुलांत लिव्हरचा धोका जास्त, आणि मुलगी वयात येत असेल तर पुढच्या गरोदरपणाचा विचार करून आधीच बोलून घ्यावं लागतं.

फेनिटॉइनवर मूल झिंगल्यासारखं चालतंय, डोळे थरथरतायत आणि फिट्सही वाढल्यात, तर रक्तातली लेव्हल तपासा, तिथे बहुतेक डोस कमी करायची वेळ आलेली असते.

भेटीला जाताना फिटचा मोबाईलवरचा व्हिडिओ आणि डोस कधी बदलला त्याच्या तारखा न्याच, ईईजीसोबत (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) ते बघून फिटचा प्रकार ठरवणं खूप सोपं जातं. कितीही खात्री वाटली तरी गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने न थांबणारी फिट येऊ शकते. संशय आला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि फिट 5 मिनिटांच्या पुढे गेली तर थेट हॉस्पिटल गाठा.