बायोस अपडेटनंतर ‘बोर्ड गेला’ सांगून नवा बोर्ड गळ्यात मारतात, त्याबद्दल

प्रोसेसर बदलण्यासाठी मशीन दुरुस्तीला दिलेलं असतं. नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून मदरबोर्डवरचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा मूळ प्रोग्राम, अनेकदा अपडेट करावं लागतं. काही तासांनी फोन येतो : ‘बायोस मारताना मध्येच अडकलं, बोर्ड गेला. रिस्क असते हे आधीच सांगितलं होतं. माझ्याकडे एक बोर्ड आहे, बसवून टाकू का?’ काम खोळंबलेलं, नवा प्रोसेसर घेऊन ठेवलेला, त्यामुळे समोरचा हो म्हणतो. जुन्या बोर्डाचं विचारलं की ‘भंगार आहे ते, नेऊन काय करणार’ असं उत्तर मिळतं. बोर्ड तिथेच राहतो. मग त्याची चिप प्रोग्राम होते, म्हणजे तिच्यात बायोस नव्याने लिहिलं जातं, आणि तोच बोर्ड ‘अपडेटेड, टेस्टेड’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला विकला जातो. एकाच बोर्डावर दोनदा कमाई.

हे बिनबोभाट खपतं, कारण ‘बायोस उडालं’ आणि ‘बोर्ड जळाला’ यांतला फरक बहुतेकांना माहीत नसतो. बायोस बोर्डावरच्या एका आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये असतं. अपडेट अर्धवट राहिलं तर त्या चिपमधला मजकूर बिघडतो. व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग), सॉकेट, चिपसेट, स्लॉट यांना काही होत नाही. चिप पुसून पुन्हा लिहिली की बोर्ड उठतो. अपडेट करताना बोर्ड खरोखर कायमचा जाण्याचे प्रसंग विरळा, आणि तेही बहुधा नंतर कुणी चुकीच्या व्होल्टेजने चिप लिहायला गेल्यामुळे येतात. सगळे दुरुस्तीवाले लबाड असतात असं नाही. कित्येकांकडे चिप लिहिण्याचं यंत्र, म्हणजे प्रोग्रामरच, नसतो. पण ‘माझ्याकडे प्रोग्रामर नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘बोर्ड गेला’ म्हणणं वेगळं.

गंमत म्हणजे पुष्कळदा बायोससुद्धा उडालेलं नसतं. सर्वांत जास्त आढळणारं उदाहरण घ्या. बी४५० बोर्डावर एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटरची केबल बोर्डाच्याच एचडीएमआयला. त्यावर रायझन ५ ५६०० बसवला. ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं, म्हणजे बायोस कितीही नवं असलं तरी या जोडणीत डिस्प्ले येणारच नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आणि निदान तयार : ‘बायोस फेल’. हे दुरुस्तीवाल्याला कळत नाही असं मानणं कठीण आहे.

पहिल्यांदा सुरू करताना लागणाऱ्या वेळाचंही तसंच. प्रोसेसर बदलल्यावर किंवा बायोस बदलल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग (रॅमशी जुळवून घेणं) नव्याने करतो; एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर त्यात काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. तेवढ्यात कुणी बटण दाबून बंद केलं की गाडी पुन्हा पहिल्यापासून. त्याआधी सीमॉस क्लिअर करणंही, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग्ज पुसणंही, गरजेचं : एसएमपीएसची वायर काढायची, पॉवर बटण दाबून उरलेला करंट उतरवायचा, सीआर२०३२ बॅटरी काढून पाचेक मिनिटं थांबायचं किंवा जंपर शॉर्ट करायचा. जुन्या प्रोसेसरसाठी लावलेलं एक्सएमपी (रॅमच्या वाढीव वेगाचं सेटिंग) नव्याला झेपलं नाही तरी मशीन अडकतं, म्हणून सुरुवातीला रॅमची एकच काडी ठेवावी. कोणत्या स्लॉटमध्ये ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा.

बायोस जिवंत आहे की नाही, हे समोर उभं राहून तपासता येतं. जुना, आधी चालत असलेला प्रोसेसर परत बसवायला सांगा. सगळी रॅम काढायला सांगा. बोर्डाच्या स्पीकर पिनांवर छोटा बझर लावून मशीन चालू करा. बीप आले, किंवा बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा पेटून राहिला, तर बायोस चालतंय. रॅम नसल्याची तक्रार तेच करतंय. बोर्डाच्या खालच्या किंवा वरच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतात, स्वस्त बोर्डांवर मात्र नसतातही. बायोस खरंच बिघडलं असेल तर पंखे फिरतात, पण रॅम असो वा नसो, काहीच बदलत नाही. हे तपासायला पाच मिनिटं लागतात. ‘ते आता करता येणार नाही’ असं उत्तर आलं तर पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

आता धरून चालू की बायोस खरंच बिघडलं. बोर्डावर फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट बायोस लिहिणारं, बटण असेल तर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही नसतानाही काम होतं. असूस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, एमएसआय फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. फक्त २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची पॉवर जोडलेली लागते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. ३२ जीबी किंवा त्याहून लहान घेतला तर विंडोज तो सरळ फॉरमॅट करून देते. बायोसची फाइल झिपमधून बाहेर काढून नाव बदलायचं : एमएसआयसाठी ‘एमएसआय डॉट रॉम’, गिगाबाइटसाठी ‘गिगाबाइट डॉट बिन’, असूसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्राम असतो. पेनड्राइव्ह मागच्या पट्टीवरच्या खूण केलेल्या पोर्टमध्येच लावायचा. बहुतेकांचं इथेच चुकतं, शेजारच्या पोर्टला लावतात आणि मग ‘बटण चालत नाही’ म्हणतात. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकत राहतो, काही मिनिटांनी विझतो. असूसवर तो चार-पाच सेकंद लुकलुकून एकसारखा पेटून राहिला तर फाइल वाचलीच गेली नाही असं समजावं. पेनड्राइव्ह, नाव किंवा पोर्ट, यांपैकी काहीतरी चुकलंय. असं बटण असलेला बोर्ड ‘बायोस उडालं’ म्हणून मोडीत काढणं ही उघड लबाडी आहे.

बटण नसेल तर चिप बाहेरून लिहावी लागते, आणि अर्धवट माहितीवाला इथेच बोर्डाचं खरं नुकसान करतो. चिपवरचा नंबर वाचायला भिंग लागतं. विनबाँड कंपनीच्या चिपच्या नंबरात ‘जेव्ही’ असेल तर ती ३.३ व्होल्टची, ‘जेडब्ल्यू’ असेल तर १.८ व्होल्टची. मॅक्रॉनिक्सवर ‘२५एल’ म्हणजे ३ व्होल्टच्या घरातली, ‘२५यू’ म्हणजे १.८ ची. एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर (वरचा बी४५० त्यातलाच) १.८ व्होल्टची चिप सर्रास सापडते. सीएच३४१ए नावाचा जो स्वस्त काळा प्रोग्रामर सगळीकडे दिसतो, तो ३.३ व्होल्टवर ठेवला तरी त्याच्या काही आवृत्त्यांत डेटा लाइनवर ५ व्होल्ट जातो. १.८ व्होल्टच्या चिपला तो व्होल्टेज उतरवणाऱ्या अ‍ॅडॉप्टरशिवाय लावणं म्हणजे चिप जाळायचं आमंत्रण. ‘कोणती चिप आहे, किती व्होल्टची, अ‍ॅडॉप्टर आहे का’ हा प्रश्न काम देण्याआधी विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर बोर्ड परत घ्या.

नीट काम करणारा पुसण्याआधी चिपमधला जुना मजकूर वाचून ठेवतो, तोही दोनदा, आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते बघतो. जुळल्या नाहीत तर चिपवर लावलेली प्रोग्रामरची क्लिप नीट बसलेली नाही. मग पुसणे, कोरी झाली का तपासणे, लिहिणे आणि शेवटी व्हेरिफाय (लिहिलेलं फाइलशी जुळतं का ते तपासणे). १६ एमबीच्या चिपची फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची असते. असूसच्या ‘कॅप’ फाइलवर वरून हेडर (सुरुवातीला जोडलेला जादा तुकडा) असतो, म्हणून ती चिपपेक्षा थोडी मोठी भरते. तो हेडर न काढता फाइल जशीच्या तशी लिहिली तर व्हेरिफाय यशस्वी होऊनही बोर्ड उठत नाही. मग पुन्हा तेच वाक्य : ‘सगळं करून पाहिलं, बोर्डच गेलाय.’

जुना मजकूर वाचून ठेवण्याचं कारण वेगळंच आहे. त्यात बोर्डाचा सीरियल नंबर असतो, पुष्कळ बोर्डांवर लॅनचा (नेटवर्क पोर्टचा) ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस असतो, आणि ब्रँडेड मशीन असेल तर विंडोजची किल्लीही असते. कोरी फाइल लिहिली की हे सगळं पुसलं जातं. असूसच्या काही बोर्डांवर मग मॅक अ‍ॅड्रेस ८८-८८-८८-८८-८७-८८ असा दिसायला लागतो. सेकंडहँड बोर्ड घेताना कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘गेटमॅक’ टाकून बघा. हा आकडा दिसला, तर ‘कधी उघडलाच नाही’ असं सांगून विकला जाणारा तो बोर्ड प्रोग्रामरवरून उतरलेला आहे. तेवढ्याने बोर्ड वाईट ठरत नाही, पण विकणारा खोटं बोलतोय एवढं कळतं. दुसऱ्या बोर्डाचा डंप (त्याच्या चिपमधून वाचून घेतलेला मजकूर) लिहिला असेल तर मॅक अस्सल दिसेल, पण सीरियल नंबर बोर्डावरच्या स्टिकरशी जुळणार नाही.

विकण्याच्या बाजूचे खोटे दावे वेगळेच. ‘५००० सिरीज रेडी’ असं एएमडीच्या जुन्या ए३२०, बी३५० बोर्डांवर लिहून विकतात. रायझन ५००० नोव्हेंबर २०२० मध्ये आले. बी४५०, एक्स४७० वर त्यांचा सपोर्ट त्या सुमारास आणि २०२१ च्या सुरुवातीला आला, ए३२०, बी३५०, एक्स३७० ला तो अधिकृतपणे २०२२ मध्ये मिळाला. म्हणजे बोर्ड चालू शकतो, पण त्यातलं बायोस २०१९ चं असेल तर ५६०० टाकून तो उठणार नाही, आणि अपडेटसाठी जुना प्रोसेसर कुठून तरी आणावा लागेल. काही बोर्डांना थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते. ती सूचना डाउनलोडच्या पानावर बारीक अक्षरांत असते. १६ एमबी चिपच्या बोर्डांत जागा कमी, म्हणून नव्या आवृत्तीत काही जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकलेला असतो. अपडेट झालं आणि जुना प्रोसेसर चालेनासा झाला, तर तो ‘मेला’ असं सांगणारेही भेटतात.

इंटेलकडे सॉकेटच्या नावाने फसवतात. एलजीए ११५१ सॉकेटमध्ये सहावी-सातवी पिढी एका बाजूला आणि आठवी-नववी दुसऱ्या बाजूला. खाचा जुळतात, प्रोसेसर बसतो, पण १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर आठवी पिढी अधिकृतपणे चालत नाही. एलजीए १२०० मध्ये मूळ एच४१० आणि बी४६० वर अकरावी पिढी चालत नाही. इथे ‘बायोस अपडेट करून देतो’ म्हणून पैसे घेणारा हवेतला माल विकतोय. एलजीए १७०० च्या ६०० मालिकेच्या बोर्डांना मात्र तेराव्या-चौदाव्या पिढीसाठी अपडेट खरंच लागतं. ब्रँडेड मशीनमधून काढलेले काही रायझन प्रो प्रोसेसर त्या कंपनीच्या बोर्डाला कायमचे बांधलेले असतात. ते दुसरीकडे उठत नाहीत, आणि दोष पुन्हा बायोसवर जातो.

डेटाच्या नावाने उकळायचा प्रकार तर फारच चीड आणणारा. रायझनमध्ये एफटीपीएम (डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) प्रोसेसरशी जोडलेलं असतं. प्रोसेसर बदलल्यावर स्क्रीनवर ‘वाय की एन’ असा प्रश्न येतो. वाय दाबलं की जुन्या किल्ल्या जातात आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. लगेच सांगितलं जातं : ‘हार्ड डिस्क लॉक झाली, डेटा रिकव्हरीला पाठवावी लागेल.’ ती की असेल तर रिकव्हरीची गरज नाही, आणि नसेल तर ते कुलूप कुणालाच उघडता येत नाही. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. की त्या खात्यात सापडते. मशीन देण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या.

त्याच वेळी विंडोजमधलं एमएसइन्फो३२ उघडून बायोसची आवृत्ती-तारीख आणि बोर्डाचं मॉडेल दिसणारा स्क्रीनशॉट फोनवर ठेवा. बोर्डावरच्या सीरियल स्टिकरचा आणि रिव्हिजन नंबरचा जवळून फोटो काढा. एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळी फाइल लागते आणि चुकीची फाइल हे अपडेट फसण्याचं नेहमीचं कारण आहे. प्रोसेसरच्या पिना किंवा सॉकेट, जे असेल त्याचा तिरप्या उजेडात एक फोटो घ्या, म्हणजे ‘पिना आधीपासूनच वाकलेल्या होत्या’ हे ऐकावं लागणार नाही. पावतीवर बोर्डाचा सीरियल नंबर आणि ‘बिघडलेला सुटा भाग परत द्यावा’ एवढं लिहून घ्या. आणि ‘बोर्ड गेला’ असा फोन आलाच, तर फोनवर होकार देऊ नका. जुना बोर्ड ताब्यात घेऊन, स्टिकर फोटोशी ताडून, चिप प्रोग्राम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला दाखवा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत नवा बोर्ड घेऊ नका.