‘वहिनी, पैशाचं बघू नका’: सीपॅप मशीन घेताना बसलेला फटका

घोरण्याची तपासणी घरी येऊन करून देतो म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: मशीनही तुम्हीच विकता का? ‘हो’ म्हणाला तर चहा पाजा आणि निरोप द्या. मशीन म्हणजे सीपॅप, झोपेत श्वास अडकणाऱ्याला मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. आमच्याकडे तपासणारा, रिपोर्ट देणारा, आजार किती बळावलाय ते सांगणारा, मशीन निवडणारा, त्यात दाब भरणारा आणि पैसे मोजून घेणारा हे सगळं मिळून एकच माणूस होता. ६२ हजार रुपये घेऊन ‘कोरं करकरीत’ म्हणून त्याने जे दिलं, ते मशीन आमच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी दोन वर्षांहून जास्त चाललेलं होतं.

ह्यांचं घोरणं लग्नापासूनचं. सासूबाई म्हणायच्या, दमलेला माणूस घोरतोच. पण अलीकडे घोरता घोरता हे एकदम गप्प व्हायला लागले. छाती हलतेय, पण श्वास नाही. मग हिसका बसल्यासारखा मोठा श्वास, कूस बदलली की पुन्हा तेच. सकाळी उठले की डोकं जड. बीपीची एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या तरी वरचा आकडा खाली येईना. बँकेत टेबलावर बसल्या बसल्या डुलकी लागायची, ते चारचौघांत हसण्यावारी जायचं. सांगलीहून कोल्हापूरला जाताना हातकणंगल्याच्या अलीकडे ह्यांचा डोळा लागून गाडी दुभाजकाला घासली, तेव्हा हसणं थांबलं. शेजारच्या सीटवर मीच होते.

मिरजेतल्या छातीच्या डॉक्टरांनी गळ्याचा घेर टेपने मोजला, जीभ बाहेर काढायला लावून घसा बघितला, टीव्ही बघताना झोप येते का, सिग्नलला थांबल्यावर येते का असे प्रश्न विचारून गुण मांडले आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. बाहेर कंपाउंडरने एक कार्ड हातात ठेवलं. ‘ह्यांना फोन करा, घरी येऊन करतात, दवाखान्यात झोपायला नको.’ डॉक्टरांना हे माहीत होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. पण ड्रॉवरमध्ये तसल्या कार्डांचा गठ्ठाच होता, हे मी पाहिलं. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत साफ मनाई आहे. कंपाउंडरला अर्थात आचारसंहिता नसते.

आला तो तिशीतला, बोलायला गोड, गळ्यात ओळखपत्र. ह्यांच्या छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून गेला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट. त्यात एएचआय नावाचा आकडा असतो. झोपेत दर तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला, ते त्यावरून कळतं. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. ह्यांचा ४७ आला. रिपोर्टवर कुठल्याही डॉक्टरची सही नव्हती. संगणकाने आपला आपणच काढलेला आकडा होता तो. डॉक्टरांना दाखवून ठरवू म्हटलं, तर संध्याकाळी हा दारात हजर.

‘वहिनी, घाबरवत नाही, पण ४७ म्हणजे दादा झोपेतच...’ वाक्य त्याने तिथेच सोडलं. मग म्हणाला, ‘पैशाचं बघू नका, दादांचं बघा.’ हातकणंगल्याचा किस्सा आमच्याच तोंडून त्याने आधी काढून घेतला होता, तो आता आम्हालाच ऐकवला. ह्या धंद्याची खुबी हीच आहे. आजार खोटा नसतो. झोपेत श्वास अडकणारा माणूस डोळ्यांसमोर असतो, बीपी, हृदय, गाडी चालवणं ही सगळी भीती खरीच असते. खऱ्या आजाराच्या आडून आलेला खोटा माल म्हणून तर गळ्याखाली उतरतो.

छापील किंमत ९५ हजार, तुम्हाला ६२ ला. ४० ऑनलाइन, २२ रोख, ‘कंपनीची स्कीम आजच संपतेय’. ऑनलाइन पैसे दुकानाच्या खात्यावर नाहीत, त्याच्या स्वतःच्या नावावर मागितले. पक्कं बिल कंपनीकडून मागाहून येईल म्हणाला. आलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना मशीनचा सिरियल नंबर. आणि खोकं? ते गाडीतच उघडलेलं. ‘पसारा होतो वहिनी, म्हणून सेट करूनच आणलं.’ इतकं आपुलकीने सांगितलं की वर ह्यांनी त्याला धन्यवाद दिले.

हे यंत्र मुळात काय असतं ते कळलं की विक्रेत्याची निम्मी पोपटपंची गळून पडते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा सोडली की वाट उघडी राहते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे दाखवून दिलं, तेही व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून. आजही आत पंखा, एक नळी, एक मास्क आणि हवा ओली करणारं पाण्याचं भांडं, एवढंच असतं. ऑटो प्रकारात मशीन दर श्वासाला बघून दाब कमीजास्त करतं, साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या दाबात (हा दाब ह्याच मापात मोजतात). बायपॅपमध्ये श्वास घेताना एक दाब आणि सोडताना दुसरा. ते जास्त महाग आणि प्रत्येकाला लागत नाही. नवीन टेक्नॉलॉजी, जर्मन सेन्सर वगैरे ऐकलं की माझ्या कपाळावर आता आठी पडते.

आमच्या मशीनमध्ये त्याने दाब ४ ते २० असा मोकळाच सोडला होता. म्हणजे काहीच ठरवलेलं नव्हतं. सुरुवातीला ४ वर ह्यांना गुदमरायचं, मध्यरात्री दाब चढला की मास्कच्या कडेतून हवा डोळ्यांत जायची. मास्क नाक-तोंड दोन्ही झाकणारा, सगळ्यात महाग, आणि ह्यांच्या चेहऱ्याला एक माप मोठा. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘सवय होईल.’ नाकाच्या हाडावर लाल वळ उठला, तरी सवय होईल.

भाची पुण्याला एका आयसीयूत श्वसनयंत्रं सांभाळते. गौरी-गणपतीला आली होती. तिने मशीन हातात घेतलं आणि आधी उलटं केलं. खाली जिथे कंपनीचा स्टिकर असतो, तिथे चौकोनी चिकट डाग होता, कडेला खरवडलेल्या कागदाचा पांढरा तुकडा. सिरियल नंबर आत दुसऱ्या जागी बारीक अक्षरांत कोरलेला सापडला, तो वॉरंटी कार्डावरच्या नंबरशी जुळेना. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी क्षारांचा पिवळट थर. आम्ही तर केमिस्टकडून आणलेलं डिस्टिल्ड वॉटरच घालत होतो. मग तिने दोन बटणं एकदम दाबून धरली आणि पेशंटला दिसत नाही तो मेनू उघडला. त्यात एक ओळ असते: मशीन एकूण किती तास चाललं. ६,४१२.

रोज आठ तास धरले तरी ८०० रात्री झाल्या. मशीन आमच्या घरात येऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

कंपनीच्या मदत क्रमांकावर कोरलेला नंबर सांगितला, तर त्याची वॉरंटी कधीच संपली होती. कोविडच्या लाटेत कित्येक घरांनी आणि दवाखान्यांनी अशी मशीनं घेतली, त्यांतली बरीचशी नंतर पडून राहिली. त्यांना धुऊनपुसून नवा मास्क जोडला की झालं. हे नुसतं पैशाचंही नाही. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली अनेक सीपॅप आणि बायपॅप मशीनं जगभरातून परत मागवायला घेतली, कारण आवाज दाबण्यासाठी बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. आमचं मशीन त्या कंपनीचं नव्हतं. पण जुनं मशीन नवं म्हणून खपवलं, तर घेणाऱ्याला हे तपासायचं तरी कसं सुचणार?

त्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला टेस्टिंगचे तास आहेत. ८०० रात्रींचं टेस्टिंग! मग म्हणाला सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय. मग म्हणाला मी फक्त सर्व्हिसचा माणूस, विकणारी कंपनी वेगळी. मग फोन उचलायचा बंद झाला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, तिथे तक्रार नोंदवली. नंबर मिळतो, पाठपुरावा होतो, पण अशा बिनपाटीच्या विक्रेत्याला त्याची फारशी भीती वाटत नाही. भीती वाटली ती वकिलाच्या नोटिशीची. सोबत मेनूचा फोटो, खरवडलेल्या स्टिकरचा फोटो, कोटेशन, बँकेची नोंद आणि ‘नवीन सीलबंद पीस आहे’ असा त्याचाच व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडला. त्यानंतर ४० हजार खात्यात आले. बरोबर तेवढेच, जेवढ्यांचा पुरावा होता. रोख २२ हजारांबद्दल विचारलं, तर ‘कसले २२?’

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या ठिकाणी तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइनही दाखल होते. वकील लागतोच असं नाही, पण आमच्या नात्यात एक होता म्हणून सोपं गेलं.

मधल्या काळात उपचार थांबवून चालणार नव्हतं. पुण्याला रात्रभर दवाखान्यात झोपून तपासणी केली. डोक्याला तारा, पायाला तारा, बाहेर टेक्निशियन रात्रभर जागा. एएचआय ३४ आला, म्हणजे तीव्रच. त्याच रात्री दाब हळूहळू वाढवत श्वास कुठे मोकळा होतो ते पाहिलं: ९. झोपेच्या डॉक्टरांनी सही करून ऑटो सीपॅप, दाबाची मर्यादा आणि नाकापुरता लहान मास्क असं लिहून दिलं. ह्यांना तोंडाने श्वास घ्यायची सवयच नाही, मोठ्या मास्कची गरज कधीच नव्हती.

लगेच विकत घ्यायला पैसे मोकळे नव्हते. भाड्याने घेतलं, महिना साडेतीन हजार आणि वर अनामत. त्या दुकानदाराने लिहून दिलं होतं की तीन महिन्यांच्या आत विकत घेतलं तर भाडं किमतीतून वजा. भाड्याच्या मशीनवर ह्यांना नीट झोप लागते ही खात्री झाली, मग त्याच्याकडूनच नवं घेतलं, ४६ हजारांना, म्हणजे त्या गोड बोलणाऱ्यापेक्षा १६ हजारांनी कमी. खोकं आमच्यासमोर फोडलं, त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाची तारीख, छापील किंमत. जीएसटी बिलावर सिरियल नंबर छापलेला. दुकानदाराने न सांगता मेनू उघडून दाखवला: शून्य तास.

विमा कंपनीने आमच्या पॉलिसीत घरी वापरायची यंत्रं बसत नाहीत म्हणून हात वर केले. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते मशीन घेण्याआधी लेखी विचारा. केंद्र सरकारी नोकरीतल्यांना आणि निवृत्तांना सीजीएचएस ह्या सरकारी आरोग्य योजनेतून पैसे मिळतात, पण परवानगी आधी काढावी लागते. माझ्या भावाने आधी बिल फाडलं आणि मग खेटे घातले. खर्च एकदाच होत नाही हेही लक्षात घ्या. मास्कची रबरी गादी झिजते, फिल्टर बदलावे लागतात, नळीला चीर पडते. मास्कचं माप न बघता मशीन घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं.

जुनं मशीन घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. ऐपत नसेल तर जुनं, पण जुनं म्हणून, जुन्या किमतीला, तास आणि सिरियल नंबर बघून, परत मागवलेल्या यादीत नाही ना ते कंपनीकडे विचारून घ्यावं. गावोगावी ट्रस्टची रुग्णसाहित्य केंद्रं असतात, त्यांच्याकडे कॉट आणि व्हीलचेअरशिवाय कधीकधी अशी मशीनंही नाममात्र अनामतीवर मिळतात. चौकशी करायला काही पडत नाही. आणि जाहिरातीत दिसणारी नाकात घालायची २९९ रुपयांची चुंबकवाली क्लिप ह्या आजारावर काहीही करत नाही, तीही आमच्या घरात पडून आहे.

ह्यांचं सध्या बरं चाललंय. मशीनच्या अ‍ॅपवर एएचआय ३ च्या आसपास दिसतो, बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली, गाडी पुन्हा हेच चालवतात. २२ हजारांचं प्रकरण आयोगापुढे आहे. कंपाउंडरचं कार्ड आणि मशीनवरच्या चिकट डागाचे फोटो आम्ही पुराव्यात लावलेत, समोरच्या वकिलाने लेखी म्हणणं द्यायला पुढची तारीख मागून घेतली आहे.