हरणे पाहण्यासाठी दुर्बीण : ८×४२ की १०×४२?

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला किंवा ताडोबा येथे वारंवार जाणारा नागपूरकर वाघाच्या ओढीतून थोडा मोकळा झाला आणि चितळ, सांबर, भेकर यांच्याकडे निवांतपणे पाहू लागला, की त्याला चांगल्या दुर्बिणीची गरज भासू लागते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे आपल्याकडची हरणांची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. मात्र माग ओळखणे, वाऱ्याचा अंदाज घेणे, कळपाच्या हालचालीवरून जंगलात काय चालले आहे हे समजून घेणे, या शिकाऱ्याच्या जुन्या विद्येचा आनंद आजही तितकाच मोठा आहे, आणि त्याच्या सामानातली दुर्बीण आपण आजही निर्धास्तपणे सोबत नेऊ शकतो. त्यामुळे ती घाईने घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

८×४२ किंवा १०×४२ यांतला पहिला आकडा दुर्बीण दृश्य किती पट मोठे करते ते सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास असतो; याहून खोलात येथे जात नाही. बहुतेकांची निवड शेवटी आठपट आणि दहापट या दोन पर्यायांवर येऊन अडते. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत या दोन्ही दुर्बिणींचे वजन जवळपास सारखे असते, बांधणी सारखी असते आणि दहापटीची किंमत बहुधा थोडीशीच जास्त असते. त्यामुळे वजन किंवा पैसा यांवर हा निर्णय होत नाही. माझ्याकडे ८×४२ आहे आणि माझ्या मोठ्या भावाकडे १०×४२. आम्ही एकाच जिप्सीत शेजारी बसून, एकाच प्राण्याकडे, दुर्बिणींची अदलाबदल करत बरेच पाहिले आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्या अनुभवावर आधारलेले आहे. कोणतेही मोजमाप करणारे यंत्र माझ्याजवळ नाही.

प्रथम दहापटीची बाजू मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. पेंचमधल्या तोतलाडोह जलाशयाच्या काठावर, पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गवताळ पट्ट्यात चितळांचा कळप दूरवर चरत असतो, तेव्हा नराच्या शिंगांवरची मखमल अजून आहे की ती गळून शिंगे टणक झाली आहेत, हे दादाच्या दुर्बिणीतून आधी कळते. कान्ह्याच्या मैदानांवर बारासिंग्याच्या शिंगांना किती फाटे आहेत हे मोजायचे असेल, किंवा वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या माळावर काळविटाच्या शिंगांचा पीळ नीट पाहायचा असेल, तर दहापट निश्चितच उजवी ठरते. (काळवीट, चौसिंगा आणि आपण ज्याला रोही म्हणतो ती नीलगाय हे हरणांच्या कुळातले नाहीत, त्यांची शिंगे दरवर्षी गळत नाहीत, पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते याच सोबतीतले आहेत.) मोकळी जागा, स्थिर बैठक आणि सकाळचा स्वच्छ प्रकाश या तीन गोष्टी जुळून आल्या, तर माझ्या हातातली आठपट मला थोडी तोकडी वाटते, हे प्रांजळपणे नमूद करतो.

परंतु आपल्याकडचे जंगल बहुतांशी मोकळे नाही. पेंचमध्ये काय किंवा ताडोब्यात काय, सागाखाली, बांबूच्या बेटांमध्ये आणि रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीत बराचसा वेळ जातो, आणि प्राणी दूर नसून जवळच, पण आडोशाला असतो. माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला तो येथेच जाणवतो. तो त्रास म्हणजे फोकसचे चाक सतत फिरवत राहणे.

पेंचमध्ये सिल्लारीच्या बाजूला एका सकाळी वाटाड्याने हळूच सांगितले, "भाऊ, बांबूच्या मागं पाहा, भेकर हाये." भेकराचा नर होता. जिप्सीपासून फार दूर नव्हता, पण त्याच्या पुढे बांबूच्या दोन-तीन काठ्या आणि मागे वाळक्या पानांचा पडदा होता. मी दुर्बीण डोळ्यांना लावली तेव्हा पुढचा बांबू किंचित पुसट आणि मागचे भेकर स्पष्ट, असे चित्र फारशा खटपटीशिवाय मिळाले. शिंगांच्या बुडाशी असलेले केसाळ खुंट, तेथून खाली कपाळावर उतरणाऱ्या दोन काळ्या रेषा, वरच्या ओठाखालून डोकावणारा बारीकसा सुळा हे सगळे दिसले, आणि त्याने लांब जीभ बाहेर काढून स्वतःचा चेहरा चाटला तेही दिसले. शेजारी दादा पुटपुटत होता, "थांब, आता लागतंय." त्याच्या दुर्बिणीत आधी बांबूची काठी अतिशय सुस्पष्ट आली, मग मागची पाने आली, आणि मधले भेकर सापडेपर्यंत ते दोन पावले पुढे सरकले होते, पुन्हा चाक फिरवणे आले. थोड्या वेळाने मी माझी दुर्बीण त्याच्या हाती दिली आणि त्याला ते लगेच दिसले.

यात दादाच्या कौशल्याची कसर नव्हती आणि त्याच्या दुर्बिणीतही दोष नव्हता; ती उत्तम प्रतीची आहे. दुर्बिणीतून जवळची आणि लांबची किती खोली एकाच वेळी स्पष्ट दिसते, ते ढोबळमानाने पटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आठाचा वर्ग चौसष्ट, दहाचा शंभर. म्हणजे आठपटीत ही खोली साधारण दीडपट मिळते. मैदानावर या फरकाला काही महत्त्व नाही, कारण तेथे प्राण्याच्या पुढेमागे काही नसते आणि अंतरही जास्त असते. बांबूत मात्र हाच फरक प्राणी दिसण्या-न दिसण्याचा ठरतो. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये कोअरची, म्हणजे जंगलाच्या गाभ्याची, दारे उघडतात तेव्हा गवत उंच असते, झाडोरा दाट असतो, आणि त्या दोन-तीन महिन्यांत मला हा त्रास सर्वांत जास्त जाणवला. मार्च-एप्रिलमध्ये सागाची पाने गळून जंगल उघडे पडते, तेव्हा दहापटीची तक्रार बरीच कमी होते, हेही तितकेच खरे आहे.

दुसरा मुद्दा दृश्याच्या रुंदीचा आहे, आणि हरणे पाहणाऱ्यासाठी तो केवळ सोयीचा नाही. आठपटीत समोरचा पट्टा अधिक रुंद दिसतो. चितळांचा कळप थबकतो, एखादी मादी पुढचा पाय जमिनीवर आपटते, शेपटी उभी राहते आणि सावधगिरीचा तो तीक्ष्ण आवाज येतो, त्या क्षणी एका जनावराकडे पाहून फारसे काही कळत नाही. कळपातली किती जनावरे कोणत्या दिशेला पाहत आहेत, कोणाचे कान कोठे वळले आहेत, चरणे थांबवून कोण उभे आहे आणि कोण अजूनही खाली मान घालून आहे, हे सगळे एका नजरेत यावे लागते. पाच-सहा माना एकाच बिंदूकडे वळल्या आहेत हे दिसले, की पुढे कोठे पाहायचे ते आपोआप ठरते. दहापटीत मला कळपाचे तुकडे पाहावे लागतात आणि दुर्बीण इकडून तिकडे फिरवताना नेमका तो क्षण निसटतो. कदाचित अधिक सरावलेल्या माणसाला ही अडचण येणार नाही, मला आली.

थरथरीबद्दल बहुतेक सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात सांगतो. चालकाने इंजिन बंद केले आणि गाडीतील सर्वजण स्थिर बसले तर दहापट हातात चांगली राहते. पण सहा पर्यटकांच्या जिप्सीत कोणी ना कोणी कॅमेरा काढण्यासाठी उठतोच, आणि ती हालचाल दहापटीत जास्त मोठी होऊन दिसते. गाडीच्या दांडीवर कोपर टेकवून हे पुष्कळसे सांभाळता येते.

प्रकाशाचा विचार मात्र सविस्तर करायला हवा, कारण हरणे पहाटे आणि सांजवेळी अधिक वावरतात. ४२ला आठने भागले की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिलिमीटर रुंद मिळतो, दहाने भागले की ४.२. भर दिवसा आपली बाहुली इतकी लहान असते की हा फरक वाया जातो. संध्याकाळी सफारी संपत आलेली असताना, नाल्याच्या सावलीत उभ्या असलेल्या सांबराचा गडद तपकिरी रंग आणि मागचा अंधार एकमेकांत मिसळू लागतात, तेव्हा मात्र तो फरक उपयोगी पडतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसण्याची संधी ज्यांना मिळते, त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. चांदण्यात पाण्याची कड चमकत असते, पण सांबर येते ते झाडांच्या काळ्या सावलीतून. ते सावलीतच किती तरी वेळ उभे राहून कानोसा घेते, आणि मला ते पाण्यावर येण्यापूर्वीच आठपटीतून एखादा आकार म्हणून ओळखू आले आहे. दादाला त्याच जागी नुसता काळोख दिसत होता. वय वाढते तशी बाहुली अंधारात कमी उघडते, त्यामुळे साठीच्या पुढच्या वाचकांना हा लाभ माझ्याइतका मिळेलच असे नाही.

विदर्भाच्या उन्हाळ्याने दहापटीची आणखी एक जमेची बाजू थोडी कमी केली आहे. मे महिन्यात पाणवठ्यांवर गर्दी असते आणि हरणे पाहण्याचा तोच उत्तम काळ असतो. माजावर आलेले चितळ नर ओरडत असतात, मागच्या पायांवर उभे राहून डोक्यावरच्या फांदीत शिंगे घासतात. पण सकाळचे नऊ वाजून गेले की तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते आणि दूरच्या दृश्याला कंप सुटतो. दहापट दुर्बीण प्राणी जितका मोठा करते तितक्याच त्या लहरीही मोठ्या करते. त्यामुळे दूरचे पाहण्याचा जो फायदा धरून आपण दहापट घेतो, तो आपल्या मुख्य हंगामात सकाळचे पहिले दोन-तीन तासच पुरेपूर हाती लागतो.

चष्मा लावणाऱ्यांनी आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते ते अंतर, किमान पंधरा मिलिमीटर आहे ना, हे जरूर पाहावे. एकाच मालिकेत दहापटीत तो बहुधा आठपटीपेक्षा कमी असतो. दादाला चष्मा आहे, आणि त्याच्या दुर्बिणीत त्याला दृश्याच्या कडा कापलेल्या दिसतात. आधीच अरुंद असलेले दृश्य त्यामुळे आणखी आक्रसते. घरातील चार जणांमध्ये एकच दुर्बीण फिरणार असेल तर उजव्या डोळ्याजवळचे डायॉप्टरचे, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारे, कडे घट्ट फिरणारे असावे, म्हणजे प्रत्येक हातात ते हलून जात नाही. मुरमाच्या रस्त्यावरची धूळ भिंगावर बसतेच; ती दुपट्ट्याने किंवा रुमालाने पुसू नये, आधी फुंकणीने उडवावी आणि मगच मऊ कापड लावावे, नाहीतर भिंगावरचा लेप खरवडला जातो. आत वाफ धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीण दोन्ही पटींत मिळते आणि डिसेंबरच्या गारठ्यातील पहाटे तिचे महत्त्व कळते.

दहा ते तीस पट अशा झूम दुर्बिणी बाजारात आकर्षक वाटतात; हरणे पाहण्यासाठी त्या मला कधीच समाधानकारक वाटल्या नाहीत, कारण पट वाढवली की प्रकाश आणि रुंदी दोन्ही झपाट्याने घटतात. ८×३२ ही हलकी दुर्बीण मात्र पायी फिरणाऱ्यांनी अवश्य पाहावी. गोरेवाड्याच्या निसर्गवाटेवर सकाळी चालायला जाणाऱ्याला गळ्यातले वजन जाणवते, आणि उजाडल्यानंतरच्या प्रकाशात तिचे काही अडत नाही.

दुकानात गेल्यावर आतल्या आत, दिव्यांच्या झगमगाटात दोन्ही दुर्बिणी पाहून निर्णय घेऊ नये, कारण तेथे दहापट नेहमीच प्रभाव पाडते. दुकानदाराला विनंती करून संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास बाहेर यावे, एखाद्या दाट झाडाच्या फांद्यांमागे बसलेला पक्षी शोधावा, आणि चाकाला बोट न लावता तो किती वेळ स्पष्ट राहतो ते दोन्हींतून पाहावे. अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठावर कोणा मित्राची दुर्बीण घेऊन हे करता आले तर अधिक चांगले. बांबूच्या आणि सागाच्या जंगलात, जिप्सीतून, घरच्या माणसांसोबत हरणे पाहणाऱ्याला मी नम्रपणे ८×४२ सुचवीन. ज्याची पावले वर्षातून अनेकदा कारंजा-सोहोळच्या माळाकडे किंवा कान्ह्याच्या मैदानांकडे वळतात, ज्याला चष्मा नाही आणि ज्याचा हात स्थिर आहे, त्याने १०×४२ घेण्यास माझी काही हरकत नाही. फक्त तिच्यासोबत छातीवरून बांधायचा पट्टाही घ्यावा, म्हणजे दुर्बिणीचे वजन मानेवर न येता खांद्यांवर विभागले जाते.