५० किमी चॅरिटी रनसाठी घेतलेली हायड्रेशन वेस्ट: ५ पैकी ३ स्टार

मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मदत म्हणून मी ५० किमी पळायचं कबूल करून बसलो, त्याआधी मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किमी एकदाच केलेली, तीही रडतखडत. मग ही वेस्ट, म्हणजे पाणी आणि खाणं अंगावर घेऊन पळायचं बिनबाह्यांचं जाकीट, घेतली, पुढे ५०० मिलीच्या दोन मऊ बाटल्या, पाणी संपलं की त्या चपट्या होतात त्यामुळे डचमळायचा आवाज येत नाही, हे एक नंबर! खिसे भरपूर, एनर्जी जेलची पाकिटं, मिठाच्या गोळ्या, फोन सगळं मावलं आणि पळता पळता हाताला लागतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) पोटात जायला हवेत म्हणतात, ते काढायला प्रत्येक वेळी थांबावं लागलं असतं तर मी परत उठलोच नसतो.

पण काखेजवळची शिवण!! ३० किमीनंतर अशी घासली की अंघोळीला नुसता जाळ. व्हॅसलिन लावलं होतं तरी. साइज चार्टवर जाऊ नका, बाटल्या भरून घालून बघा, कारण रिकामी बरोब्बर बसते आणि भरली की उड्या मारते.

संस्थेचा बिब (पळताना छातीवर लावतात तो छापील कागद) मात्र हिच्यावरच पिन केला, तो वाचून एक अनोळखी काका बराच वेळ सोबत चालले, स्वतःच्या डिप्रेशनबद्दल बोलत होते, तेवढ्यात माझी वेळ गेली पण जाऊदे. शिवण सुधारली तर चौथा स्टार देईन.