नेटवर्क-बूट लिनक्स लीज संपल्यावर गोठतं: तीन उपायांपैकी कुठला?

स्वतःच्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू होणारं लिनक्स मशीन बूट होतं, बारा तास सुरळीत चालतं आणि मग बसल्या जागी गोठतं. कन्सोलवर एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा) सर्व्हर 'नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग' येत राहतं. एन्टर दाबलं तर कर्सर खाली सरकतो, पण एखादी कमांड दिली की परत येतच नाही. मी दोन दिवस केबल आणि स्विच तपासत बसलो होतो. मग लीजचा, म्हणजे मशीनला आयपी पत्ता ज्या मुदतीसाठी मिळतो त्या मुदतीचा आकडा दिसला: ४३,२०० सेकंद, म्हणजे बरोबर बारा तास.

उपाय ठरवण्याआधी चालू मशीनवर 'आयपी ॲडर शो' चालवा आणि 'व्हॅलिड एलएफटी'पुढे (पत्त्याची उरलेली मुदत) काय लिहिलंय ते बघा. तिथे 'फॉरएव्हर' असेल, तर पत्ता बहुधा कर्नलने बूटच्या ओळीतल्या 'आयपी=डीएचसीपी'वरून घेतलाय (डीएचसीपी म्हणजे मशीनना आपोआप पत्ते वाटायची पद्धत). कर्नल पत्ता एकदाच मागतो; नंतर ना लीज वाढवतो, ना पत्ता सोडतो. डीएचसीपी सर्व्हरच्या हिशेबी मात्र मुदतीनंतर तो पत्ता मोकळा झालेला असतो आणि दुसऱ्याच मशीनला मिळू शकतो. याउलट सेकंद उतरत जाऊन अर्ध्यावरही पुन्हा भरत नसतील, तर इनिटरॅमएफएसमधला (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टीम) डीएचसीपी क्लायंट, म्हणजे पत्ता मागणारा प्रोग्रॅम, मुदत लावून निघून गेलाय. शून्यावर कर्नल पत्ताच काढून टाकतो, आणि रूट फाइलसिस्टीम त्याच पत्त्यावर टांगलेली असते.

सगळ्यात सोपं म्हणजे डीएचसीपी सर्व्हरवर मॅकनुसार (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर क्रमांक) पत्ता राखून ठेवणं. पहिल्या दुखण्याला एवढं पुरतं. दुसऱ्याला नाही, कारण पत्ता राखीव असला तरी लीजला मुदत असतेच. तिथे मुदत 'इन्फिनिट' करावी लागते. डीएनएसमास्क या डीएचसीपी सर्व्हरमध्ये ती 'डीएचसीपी-होस्ट'च्या त्याच ओळीत लिहिता येते.

बूटच्या ओळीत स्थिर पत्ता देणं चार-पाच मशीनपुरतं ठीक. प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि पत्ता पूलबाहेरचाच (सर्व्हर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा) हवा. सबनेट बदलला की सगळ्या ओळी पुन्हा लिहा.

नियमाला धरून उपाय म्हणजे चालू सिस्टीममध्येच डीएचसीपी क्लायंट ठेवणं. तो साधारण अर्ध्या मुदतीला त्याच सर्व्हरकडे लीज वाढवून मागतो. जमलं नाही तर ८७.५ टक्क्यांवर ब्रॉडकास्ट करून, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांनाच विचारतो. पण इथेच मी सगळ्यात जास्त आपटलोय. काही क्लायंट सुरू होताच इंटरफेसवरचा जुना पत्ता पुसतात, आणि क्लायंटची स्वतःची फाइलही त्याच एनएफएसवर असते! सिस्टमडी-नेटवर्कडी (सिस्टमडीची नेटवर्क सेवा) वापरत असाल तर जुना पत्ता राहावा म्हणून 'कीपकॉन्फिगरेशन=येस' लावा. शिवाय 'क्लायंटआयडेंटिफायर=मॅक' द्या, नाहीतर वेगळा क्लायंट-आयडी (क्लायंट सर्व्हरला देतो ती ओळख) पाहून सर्व्हर दुसराच पत्ता हातात ठेवू शकतो.

मशीन ठरलेली असतील तर मी राखीव पत्ता आणि इन्फिनिट लीज घेईन. पूल लहान आणि मशीन येती-जाती असतील तरच क्लायंटच्या भानगडीत पडेन.

आत्ता सेकंद उतरताना दिसत असतील, तर 'आयपी ॲडर चेंज'ने त्या पत्त्याचं 'व्हॅलिड एलएफटी' आणि 'प्रिफर्ड एलएफटी' दोन्ही 'फॉरएव्हर' करा. पण आधी सर्व्हरवर तो पत्ता राखून ठेवा.