पाच हजार सातशेचा डाग

माझं सोल्डरिंग काही देखणं नाही. डाग कधी जाड बसतो, कधी पसरतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याने मला गंडवलं त्याचं सगळं भांडवल हेच होतं.

गिटारसाठी घरीच फझ पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करणारी पायाने दाबायची डबी, बांधायचं ठरवलं. सर्किट घेतलं फझ फेसचं, म्हणजे लंडनच्या आर्बिटरने १९६६ साली काढलेलं, जिमी हेंड्रिक्समुळे गाजलेलं ते गोल पेडल. आत मोजून अकरा भाग: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवायच्या कळा). बाकीचा माल शंभर-दीडशेत येतो. खरी मेख ट्रान्झिस्टरची. सुरुवातीच्या पेडलांत इंग्लंडमधल्या न्यूमार्केटचे एनकेटी २७५ असायचे, जर्मेनियमचे, आजच्यासारखे सिलिकॉनचे नव्हेत. ते बनायचे बंद होऊन जमाना झाला, आता जुना साठा असेल तेवढाच.

असा साठा आहे म्हणणारा एक जण ऑनलाइन सापडला. 'मॅच्ड पेअर, तपासून', म्हणजे एकमेकांना जुळणारी जोडी, ₹ ३,८००. साइटवरून न घेता थेट यूपीआय केलं तर तीनशे कमी म्हणाला होता, पण पैसे द्यायच्या वेळी 'शिपिंग' म्हणून ते तीनशे परत लावले. मी तरीही पाठवले. पुडीत दोन चकचकीत डबीवाले ट्रान्झिस्टर आणि हाताने लिहिलेलं कार्ड: पहिल्याचा गेन (करंट किती पट वाढवतो ते) ७८, दुसऱ्याचा ११५, लीकेज (बंद असतानाही झिरपणारा करंट) ९० मायक्रोअँप. त्या कार्डावर मी भाळलो. एवढं निगुतीने लिहिणारा माणूस खोटा कसा असेल?

पेडल वाजलं, पण कर्कश. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की जर्मेनियमचा फझ निवळतो, त्यासाठीच तर लोक त्याच्या मागे असतात. माझा निवळायचं नाव घेईना. वर बोर्ड अजून धातूच्या डब्यात बसवलेला नसल्यामुळे मधूनच ॲम्पमधून कुणीतरी बाई बातम्या वाचायची. आईने आतून विचारलं, "रेडिओ दुरुस्त करतोयस का रे?"

पुढचे तीन रविवार मी स्वतःचीच चौकशी केली. सगळे डाग पुन्हा दिले. जॅक बदलला. पॉझिटिव्ह ग्राउंड आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक ग्राउंडला, म्हणून बॅटरीची दिशा तपासली, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटे तर नाहीत ते पाहिलं. मग व्होल्टेज मोजली. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, एमिटर, कलेक्टर. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर उणे साडेचारच्या आसपास हवं, माझ्याकडे उणे २.८. पहिल्याच्या कलेक्टरवर अर्धा-पाऊण व्होल्ट अपेक्षित, तिथे १.३.

आकडे विक्रेत्याला कळवले. उत्तर दोन मिनिटांत: "सर, जर्मेनियम हीटला फार नाजूक असतं. सोल्डरिंगचे क्लोजअप फोटो पाठवा." पाठवले. "बघा ना सर, डाग किती मोठे आहेत. पार्ट भाजला तुमच्याकडून." यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं, म्हणून तर मला दुसरंही पटलं. "तुम्ही हौशी आहात, वाईट वाटतं, दुसरी जोडी अर्ध्या किमतीत देतो," म्हणाला. आणि मी ₹ १,९०० पाठवले! लिहितानाही कान गरम होतात.

दुसऱ्या जोडीला सोल्डर लावलंच नाही, सॉकेटमध्ये बसवली. व्होल्टेज तीच: २.८ आणि १.३. माझ्या हातून दोन जोड्या हुबेहूब एकसारख्या भाजल्या, तेही दुसरीला सोल्डरिंग आयर्न न लागता?

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बेस-एमिटर मोजलं. जर्मेनियम ०.२ ते ०.३ च्या घरात दाखवतं. चारही ट्रान्झिस्टर ०.६५ च्या पुढे, म्हणजे सरळसरळ सिलिकॉन. लीकेजची तपासणीही सोपी आहे: नऊ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरला २.२ के (म्हणजे २,२०० ओहम) आणि २७० ओहमचे रेझिस्टर एकामागे एक, बेस मोकळा. रेझिस्टरवर जेवढे व्होल्ट पडतील त्यावरून लीकेज कळतं. कार्डावरच्या ९० मायक्रोअँपला साधारण ०.२२ यायला हवे होते. आले शून्य. डबी चिमटीत धरून बसलो. जर्मेनियम असतं तर बोटांच्या उबेने आकडा चढत गेला असता. हा ढिम्म. शेवटी नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा बोळा फिरवला, तर 'एनकेटी २७५' निळसर होऊन बोळ्यावर उतरलं आणि खाली पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे दिसले. दहा-वीस रुपयांचा माल असावा.

साइट म्हणाली, व्यवहार आमच्यामार्फत नाही. पावती नाही, फक्त यूपीआयचा क्रमांक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पोच क्रमांक मिळाला. तो जपून ठेवलाय, आशेने नव्हे, सवयीने.

पेडलचं म्हणाल तर काकांच्या माळ्यावरच्या बंद रेडिओत जर्मेनियमचे दोन एसी १२८ ट्रान्झिस्टर निघाले. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून आपल्याकडे जर्मेनियमचे भाग बनवले, त्यामुळे अशा जुन्या रेडिओंत ते सापडतात. एकाचं लीकेज बरंच आहे, दुसऱ्याचा गेन जेमतेम. ८.२ केच्या रेझिस्टरच्या जागी ट्रिमर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घालून व्होल्टेज उणे साडेचारवर आणली. दुपारच्या उकाड्यात आवाज घसरतो, पण व्हॉल्यूम कमी केला की निवळतो. बाई गप्प झाल्या.

परवा त्या विक्रेत्याचं खातं उघडून पाहिलं. नवं नाव, तीच जोडी, आता ₹ ४,५००. खाली 'आमच्या ग्राहकाचं काम' म्हणून एक फोटो: जाडजूड डागांचा बोर्ड, आणि बाजूला टेबलावर चहाच्या कपाचं ओलं वर्तुळ. टेबल माझं आहे.